कानात काही अडकले तर?

मुलांनो, समजा गणेशचतुर्थी जवळ आली आहे. घरात सजावट चालू आहे. आई आणि आजी स्वयंपाकघरात आहेत. तुम्ही ताईबरोबर रंगीत मण्यांच्या माळा ओवत आहात. तुमचा लहान भाऊ शेजारी बसून मण्यांशी खेळत आहे. थोड्या वेळाने तो अगदी गप्प होतो आणि सारखा कानाला हात लावतो. तुम्ही विचारता, "काय झाले रे?" तो हळूच म्हणतो, "मणी कानात गेला. आईला सांगू नकोस. ती रागावेल."

आता तुम्ही काय कराल? काडी घेऊन मणी काढाल? की भावाचे ऐकून गप्प बसाल? या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. का चुकीच्या, हे समजण्यासाठी आपला कान आतून कसा असतो ते आधी पाहू या.

कानाच्या आत काय असते?

कानाच्या छिद्रातून आत एक अरुंद आणि थोडी वाकडी नळी जाते. मोठ्या माणसाच्या कानात ती सुमारे २.५ सेंटीमीटर लांब असते. लहान मुलांच्या कानात ती त्याहून आखूड असते. या नळीच्या टोकाला कानाचा पडदा असतो. तो कागदासारखा पातळ असतो. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे दिली आहेत. रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड आहे. ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते.

आवाज आला की पडदा थरथरतो. पडद्यामुळे ही तीन हाडे हलतात. मग तो संदेश कानाच्या आतल्या भागातून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि आपल्याला ऐकू येते. म्हणून हा नाजूक पडदा सांभाळला पाहिजे.

मणी गोल आणि गुळगुळीत असतो. चिमट्याने धरायला गेलो तर तो निसटतो आणि आणखी आत जातो. काडी, पिन किंवा कापूस लावलेली काडी घातली तरी तेच होते. कधी नळीला जखम होते, तर कधी पडदाच फाटतो.

काय अडकले आहे?

कानात गेलेली प्रत्येक वस्तू सारखी नसते.

वाटाणा, राजमा किंवा मसूर यांचे दाणे पाण्याने फुगतात. असा दाणा काढण्यासाठी कानात पाणी घातले तर तो फुगून घट्ट बसतो. म्हणून कानात पाणी घालू नये.

घड्याळात, रिमोटमध्ये आणि काही खेळण्यांत बटणासारखी छोटी, चपटी बॅटरी असते. ती सर्वांत धोक्याची आहे. ती कानात अडकली तर काही तासांतच आतली त्वचा भाजते. अशा वेळी कानात पाणी किंवा तेल काहीही घालू नये. रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे.

कधी कधी झोपेत कानात किडा शिरतो. तो आत फडफडतो, तेव्हा फार मोठा आवाज ऐकू येतो आणि भीती वाटते. अशा वेळी बोट घालू नये. मोठी माणसे मुलाला कुशीवर निजवतात आणि तो कान वरच्या बाजूला ठेवतात. मग खाण्याच्या कोमट तेलाचे काही थेंब कानात सोडतात. तेल गरम नसावे. तेलाने किडा मरतो आणि फडफड थांबते. नंतर कान डॉक्टरांना दाखवावा. पण कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा डॉक्टरांनी कानात छोटी नळी बसवली असेल, तर तेलही घालू नये. तेलाचा हा उपाय फक्त किड्यासाठी आहे आणि तो मोठ्या माणसांनीच करावा.

मग काय करावे?

१. हात थांबवा. कानात काहीही घालू नका.
२. आई, बाबा, आजी किंवा गुरुजी, जे जवळ असतील त्यांना लगेच सांगा.
३. काय अडकले आहे ते खरे सांगा. तशीच दुसरी वस्तू असेल तर ती डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.
४. ज्या कानात वस्तू गेली असेल, तो कान खाली करून डोके तिरके करा. हलकी वस्तू कधी कधी आपोआप बाहेर पडते. डोक्यावर किंवा कानावर मारू नका.
५. वस्तू बाहेर पडली नाही तर डॉक्टरांकडे जा. कान दुखत असेल, रक्त किंवा पाणी येत असेल, कमी ऐकू येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मुळीच उशीर करू नका.

डॉक्टर दिव्याच्या उजेडात कान पाहतात. त्यांच्याकडे बारीक आकडे आणि ओढून घेणारी नळी असते. वस्तू कुठे आहे हे त्यांना नीट दिसते, म्हणून ती ते अलगद काढू शकतात. आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी रुग्णालयात उपचारांसाठी पैसे पडत नाहीत.

आता आपल्या लहान भावाकडे पुन्हा वळू या. तो वेदनेपेक्षा रागावण्याला जास्त घाबरला आहे. त्याचा हात धरा आणि त्याला आईकडे न्या. त्याला सांगा, "घाबरू नकोस. सांगितलेस ते बरे केलेस." माळेत एक मणी कमी पडला तरी चालेल. पण आरतीची घंटा त्याला दोन्ही कानांनी ऐकू आली पाहिजे!

शब्दार्थ

अरुंद – कमी रुंदीचे
ऐरण – ज्यावर लोखंड ठेवून ठोकतात ती जड वस्तू
रिकीब – घोड्यावर बसताना पाय ठेवण्याची कडी
अलगद – हळूच, धक्का न लावता

प्रश्नांची उत्तरे लिहा

१. मणी चिमट्याने का काढू नये?
२. कानात वाटाणा अडकला तर पाणी का घालू नये?
३. बटणासारखी बॅटरी कानात गेली तर काय करावे?
४. तुमच्या मित्राने "कुणाला सांगू नकोस" असे म्हटले, तर तुम्ही काय कराल?