वालेन्सियातली भाड्याची खोली

रुसाफा भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. प्रत्येकीची खोली वेगळी. स्वयंपाकघर, न्हाणीघर सामाईक. फ्रिजमधला मधला कप्पा माझा. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा सेव्हिलची मुलगी घाबरून धावत आली! गॅसचा नारिंगी सिलिंडर म्हणजे आपल्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊच. कपडे आतल्या चौकातल्या दोरीवर वाळतात. मोजा निसटला की तळमजल्यावरच्या आजींचं दार वाजवायचं. रात्रीचं जेवण दहाला, हे पोटाला पटायला वेळ लागला.

खरं काम ‘पाद्रोन’चं, म्हणजे नगरपालिकेतल्या रहिवासी नोंदीचं. सरकारी आरोग्य कार्डापासून कितीतरी कामं तिच्यावर अडतात, आणि काही घरमालक नोंदीचं नाव काढताच तोंड फिरवतात. तेव्हा अनामत देण्याआधीच विचारा, या पत्त्यावर नोंद करू द्याल ना? आणि करार लेखीच घ्या.