डेथ कॅप आणि पेंढ्यावरची अळंबी : साम्य जीवघेणे का ठरते?

उत्तर कॅलिफोर्नियात हिवाळी पाऊस सुरू झाला की ओक वृक्षांच्या सावलीत भूछत्रे उगवतात. कोकणच्या पावसाळ्यात अळंबी खुडलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटते. धोका नेमका त्या ओळखीतच दडलेला आहे.

‘डेथ कॅप’, अर्थात अमानिटा फॅलॉइडिस, ही मूळची युरोपातील जात. बाहेरून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ती अमेरिकेत आली आणि पश्चिम किनाऱ्यावरील ओकच्या मुळांशी तिने सहजीवन जमवले. याउलट, आशियात आवडीने खाल्ली जाणारी ‘पॅडी स्ट्रॉ’ अळंबी भाताच्या कुजत्या पेंढ्यावर, उष्ण व दमट हवेत वाढते.

कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या आवरणात बंद असतात आणि वाढल्यावरही दोघींच्या बुडाशी त्या आवरणाची पिशवी उरते. डेथ कॅपची टोपी बहुधा फिकट हिरवट, तिच्याखालचे पडदे पांढरे आणि देठावर झालर असते. पेंढ्यावरच्या अळंबीची टोपी करडी-तपकिरी असते, पडदे पुढे गुलाबी होतात आणि झालर नसते. टोपी रात्रभर कागदावर ठेवल्यास पहिलीचे बीजाणू पांढरे, तर दुसरीचे गुलाबीसर पडतात. मात्र कोवळ्या अवस्थेत यांपैकी एकही खूण उपयोगी पडत नाही. शिवाय पावसाने रंग फिका पडतो, झालर गळते. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडण्याची परीक्षाही निराधार आहे.

डेथ कॅपमधील अमाटॉक्सिन हे विष शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब साधारणतः ६ ते १२ तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. पुढे काही काळ रुग्णाला बरे वाटते. त्याच वेळी यकृताच्या पेशी मरत असतात. डिसेंबर २०१६मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात विषबाधेच्या १४ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतील तिघांना यकृत प्रत्यारोपण करावे लागले.

म्हणून परदेशातील रानात केवळ गावाकडच्या अनुभवावर विसंबून अळंबी खुडू नये. संशयित अळंबी पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अमेरिकेत विषबाधा मदतकेंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. उरलेली अळंबी फेकू नये. उपचारासाठी तिची ओळख पटणे मोलाचे ठरते.