खाडीच्या गाळाची साक्ष

वारणेचे पाणी हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या संगतीने द्वीपकल्प ओलांडून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात जाते. परंतु ज्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वारणा वाढते, त्याच सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस शास्त्री नदीच्या वाटेने थोड्याच मजलीत अरबी समुद्र गाठतो. वारणानगरच्या वाचकास समुद्र ही आपल्या हद्दीबाहेरची बाब वाटावी, हे स्वाभाविक असले तरी बरोबर नाही. आंबा घाट चढून येणारी रत्नागिरीची मासळी आपल्या ताटात पडते, एवढाच हा संबंध नव्हे. साखर कारखान्यात रस आटविण्याच्या भांड्यांतील नळ्यांवर जो कठीण थर बसतो, तो सुटावा म्हणून त्या नळ्या कॉस्टिक सोड्यात उकळतात, आणि हा सोडा आपल्या देशात अनेक दशके मुख्यत्वे पाऱ्याच्या विद्युतघटांतून तयार होत असे. त्या घटांतून निसटलेला पारा सांडपाण्याबरोबर कोणत्या ना कोणत्या नदीला आणि नदीबरोबर खाडीला जाऊन मिळत असे. वस्तू वापरणारा घाटावर आणि तिचा मळ मात्र किनाऱ्यावर, अशी ही विभागणी आहे.

हा मळ मोजण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे नाव प्रथम घ्यावे लागेल. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ, 1 जानेवारी 1966 रोजी, ती स्थापन झाली. खोल समुद्राचे आकर्षण मोठे असतानाही तिच्यातील काही रसायनशास्त्रज्ञांनी शहरालगतच्या दुर्गंधीयुक्त चिखलाची वाट धरली, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. एम. डी. झिंगडे व बी. एन. देसाई यांचा ठाणे खाडीतील पाऱ्यावरील निबंध 1981 मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या नियतकालिकात आला. पुढे अनिरुद्ध राम, रोकडे व बोरोले यांच्यासमवेत झिंगडे यांनी उल्हास नदीमुखाच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे दोन दशकांनंतरही पाऱ्याचा पाठलाग चालूच होता.

गाळच का तपासावयाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. खाडीचे पाणी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा हलते, त्यामुळे सकाळचा नमुना संध्याकाळी साक्ष फिरवितो. याउलट, गोडे पाणी खाऱ्या पाण्यास भेटताच त्यातील सूक्ष्म मातीचे कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि अंगावर धातू वागवीत तळाशी बसतात. असा थरावर थर साचत गेलेला गाळ म्हणजे खाडीचे दप्तरच होय. त्यातील शिसे-210 या किरणोत्सर्गी अणूचे अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे असल्यामुळे कोणता थर साधारण कोणत्या सालचा, हेही ठरविता येते.

प्रयोगशाळेतील काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते. गाळ वाळवावयाचा तोही मंद उष्णतेवर, कारण अधिक तापविल्यास पाराच उडून जातो. मग तो तीव्र आम्लात विरघळवून त्यात स्टॅनस क्लोराइड घातले म्हणजे पारा धातुरूपाने मुक्त होतो, हवेच्या प्रवाहाबरोबर वाफ होऊन काचनळीत शिरतो आणि 253.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून घेतो; किती शोषला, यावरून पाऱ्याचा हिशेब लागतो. त्यापूर्वी बाटली, आम्ल आणि हवा यांपैकी कशातूनही परका पारा आला नाही, याची रुजवात कोऱ्या नमुन्यावर करावी लागते. इतक्या सूक्ष्म अंशाची एवढी काळजी का, याचे उत्तर जपानमधील मिनामाताने दिले आहे. 1956 मध्ये तेथे उघडकीस आलेल्या व्याधीचे कारण कारखान्याच्या पाण्यातील पाऱ्याचे सेंद्रिय संयुग आहे, हे तेथील सरकारने मान्य करावयास 1968 साल उजाडले. प्राणवायुविरहित गाळातील जीवाणू साध्या पाऱ्यापासूनही असेच संयुग बनवितात, आणि लहान माशाकडून मोठ्याकडे जाताना ते वाढत जाते.

पाऱ्याखेरीज दुसरे एक, गोव्याच्या किनाऱ्यावरील, प्रकरण मला अधिकच विलक्षण वाटते. जहाजाच्या बुडास शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग असलेला रंग लावीत. एका लिटर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम असले, तरी काही जातींच्या मादी गोगलगायींना नराची इंद्रिये फुटू लागतात आणि पुढे प्रजननच खुंटते. 1999 मध्ये विश्वकिरण व अनिल या संशोधकांनी ही विकृती भारतीय समुद्रातून नोंदविली, ती ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या, कोकणचेच नाव धारण करणाऱ्या, गोगलगायीत. 2004 मध्ये एन. बी. भोसले व सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, जैवपटल, प्राणी आणि गाळ या चारही ठिकाणी या संयुगांचा शोध घेतला.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा 1974 चा, तर आपल्या राज्याचा 1969 चा. दोष मोजणीच्या पद्धतीत आहे. सांडपाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम पारा चालतो, असे मानक सांगते. आता रोज 1 कोटी लिटर पाणी सोडणारा कारखाना ही मर्यादा काटेकोर पाळूनही दिवसाला 100 ग्रॅम, म्हणजे वर्षाला 36.5 किलोग्रॅम पारा खाडीत कायदेशीरपणे ओतू शकतो. नियम तोटीपाशी उभा राहून दाटी मोजतो, आणि खाडी मात्र एकूण बेरीज साठवीत जाते. या रसायनशास्त्रज्ञांच्या संशोधनाचे मर्म मला येथे दिसते; आणि महाड, लोटे-परशुराम यांसारख्या कोकणातील औद्योगिक वसाहतींत कारखान्यांना परवाने देताना खाडीची ही बेरीज विचारात घेतली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कथिलाच्या रंगावर 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आली व 17 सप्टेंबर 2008 पासून ती अंमलात आहे; पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. तथापि प्राणवायू नसलेल्या गाळात कथिलाची ही संयुगे वर्षानुवर्षे, कधी दशकेही, टिकून राहतात, आणि बंदरांचा तळ तर जहाजांसाठी वारंवार उपसावाच लागतो. उपसलेला गाळ कोठे टाकला, टाकण्यापूर्वी त्यात काय आढळले आणि त्या जागेच्या आसपास कोणाची जाळी लागतात, हा तपशील बंदराच्या दप्तरी इंग्रजीत पडून न राहता मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे.