जुन्या व्हिडिओ गेमची वर्गणी: पैसे भरण्याआधी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा जो गेम मिळायचा, त्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘9999 इन 1’ असं ठळक छापलेलं असे. यादी खाली सरकवत गेलं की कळायचं, वेगळे गेम मोजकेच. बाकी सगळे तेच, फक्त नाव नाहीतर सुरुवातीची लेव्हल बदललेली. आज त्या काळातले गेम रीतसर परवान्याने, वर्गणी भरून खेळता येतात. जाहिरातीत मात्र अजूनही आकडाच आधी डोळ्यांत भरतो. तो बाजूला ठेवून हिशेब कसा मांडायचा ते पाहू. उदाहरण म्हणून मुख्यतः निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रावरची ‘स्विच ऑनलाइन’ सेवा घेऊ, कारण आपल्या त्या नकली यंत्रांचं मूळ निन्टेन्डोचंच होतं.

सेवेची यादी उघडण्याआधी आपली यादी करावी. खरोखर पुन्हा खेळावेसे वाटतात असे पाच-सहा गेम लिहून काढा. इथेच पहिली अडचण येते: आपल्याला गेमची खरी नावं ठाऊकच नसतात. गल्लीत ज्याला ‘रणगाड्यांचा गेम’ म्हणत, तो नाम्को कंपनीचा 1985 चा ‘बॅटल सिटी’. टोपीवाला पोरगा कुऱ्हाडी फेकत पळतो, तो हडसन कंपनीचा ‘ॲडव्हेंचर आयलंड’. ‘कॉन्ट्रा’ कोनामीचा. खरं नाव सापडल्याशिवाय शोध लागत नाही, आणि कंपनी कळली की गेम कुठे मिळेल याचा अंदाज येतो.

कारण हक्क ज्याचे, गेम त्याचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘आइस क्लाइंबर’, ‘एक्साइटबाइक’ हे निन्टेन्डोचे स्वतःचे, म्हणून ते सेवेत पहिल्यापासून आहेत. दुसऱ्या कंपनीचा गेम तिथे असेलच असं नाही. त्या कॅसेटमध्ये सगळे शेजारी शेजारी नांदत होते, कारण तिथे हक्कांची पर्वा कुणालाच नव्हती.

काही गेम मात्र हक्क असूनही येत नाहीत. ‘डक हंट’ निन्टेन्डोचाच, पण त्याची बंदूक जुन्या, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला संवेदक तो उजेड टिपतो. ट्यूबवर चित्र ठरलेल्या क्षणी उमटतं. आजच्या सपाट टीव्हीवर ते उशिरा येतं, आणि बंदुकीला काहीच दिसत नाही.

आता सेवेचे टप्पे समजून घेऊ. स्विच ऑनलाइन सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. साध्या वर्गणीत एनईएस, सुपर एनईएस आणि गेम बॉय या यंत्रांचे गेम येतात. अमेरिकेतला दर वर्षाला सुमारे 20 डॉलर. ‘एक्स्पान्शन पॅक’ हा वरचा टप्पा वर्षाला सुमारे 50 डॉलरचा. त्यात निन्टेन्डो 64, गेम बॉय ॲडव्हान्स आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हचे गेम मिळतात. गेमक्यूबचेही मिळतात, पण ते फक्त स्विच 2 वर. दर बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी पुन्हा पाहावेत. नव्वदीतल्या कॅसेटच्या आठवणीपोटी घेणाऱ्याला साधा टप्पा पुरतो. वरच्या टप्प्यातली यंत्रं आपल्या मध्यमवर्गीय घरांत त्या काळी क्वचितच होती.

सोनीच्या प्लेस्टेशन प्लसमध्येही जुने गेम सगळ्यांत वरच्या टप्प्यातच असतात. भारतात त्या टप्प्याचं नाव ‘डिलक्स’. काही देशांत त्याऐवजी ‘प्रीमियम’ असतो आणि त्यात प्लेस्टेशन 3 चे गेम इंटरनेटवरून थेट प्रक्षेपणासारखे खेळता येतात. डिलक्समध्ये ते नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाचं ऐकून आपण वर्गणी भरतो आणि इथे तो गेमच दिसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. म्हणून आपल्या देशाची यादी पाहावी.

गेम आपल्यापर्यंत पोचतो कसा, हेही विचारायला हवं. निन्टेन्डोच्या सेवेत गेम आपल्या यंत्रावर उतरवला जातो आणि ‘एम्युलेटर’, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, तो चालवतो. दुसऱ्या पद्धतीत गेम दूरच्या संगणकावर चालतो आणि आपल्याकडे फक्त चित्र येतं. अँटस्ट्रीम ही सेवा अशी आहे. दुसऱ्या पद्धतीत आपण बटण दाबल्याची खबर तिथे जाऊन, चित्र परत येईपर्यंत वेळ जातो. बुद्धिबळाला चालेल. उडी मारायच्या गेमला नाही.

बहुतेकांचा विरस इथेच होतो, म्हणून थोडं थांबून पाहू. जुने गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत, म्हणजे एक चित्र जेमतेम 17 मिलिसेकंद. आजचा टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते थोडं अडवून ठेवतो. काही टीव्हींवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो. तेवढ्यात सहा चित्रं निघून गेलेली असतात. मग मारिओ पहिल्याच चालत्या बुटक्यावर आपटतो आणि आपल्याला वाटतं, वय झालं. वय झालेलं असेलही, पण आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. त्याने ही सगळी सजावट बंद होते. सेवेला दोष देण्याआधी हे करायलाच हवं.

वेगाचा दुसरा घोटाळा टीव्हीच्या जुन्या पद्धतींमुळे होतो. युरोपात आणि आपल्याकडे पाल पद्धत होती, सेकंदाला 50 ची. अमेरिका-जपानमध्ये 60 ची. 60 साठी बनवलेला गेम तसाच 50 वर चालवला तर तो एक षष्ठांशाने मंदावतो. 2022 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन प्लसची नवी योजना आशियात आली तेव्हा तिच्यातले काही जुने गेम 50 च्या आवृत्तीत निघाले आणि खेळाडूंनी बरीच ओरड केली. नंतर कंपनीने बऱ्याच गेमना 60 चा पर्याय दिला. गेम रेंगाळल्यासारखा वाटला, तर आधी हा पर्याय शोधावा.

मग पैशांचा हिशेब. आपल्या यादीतले किती गेम सुटे विकत मिळतात ते पाहा. कॉन्ट्राचे जुने भाग एकत्र करून कोनामीने 2019 मध्ये ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ काढलं, तेव्हा किंमत 20 डॉलर होती. म्हणजे स्विच ऑनलाइनच्या एका वर्षाइतकीच, आणि ते एकदाच भरायचे. रणगाड्यांचा गेम ‘नाम्को म्युझियम आर्काइव्हज’च्या दुसऱ्या भागात आहे. यादीतले एक-दोनच गेम मनापासून हवे असतील तर सुटे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच-सहा गेम एकाच सेवेत असतील आणि घरात खेळणारे चारजण असतील, तर वर्गणी परवडते. निन्टेन्डोच्या 35 डॉलरच्या कौटुंबिक वर्गणीत आठ खाती बसतात.

वर्गणी ही वाचनालयासारखी: भरणं थांबलं की पुस्तकं परत. स्विच ऑनलाइनचे गेम इंटरनेटशिवाय चालतात, पण सात दिवसांतून एकदा तरी यंत्र जोडावं लागतं. गावी सुट्टीत नेणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा. यादीतून गेम निघूही शकतो. 2025 मध्ये जपानमध्ये फुटबॉलचा एक गेम असा काढला गेला. सुटा गेम कायम विकत मिळत राहील, असंही नाही म्हणा. वी या यंत्राचं ऑनलाइन दुकान जानेवारी 2019 मध्ये बंद झालं आणि तिथे नवी खरेदी करायची सोयच संपली.

राहिलं पैसे भरणं. भारतात निन्टेन्डोचं अधिकृत ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं आणि त्याच देशाचा कोड घ्यावा लागतो. एका देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या खात्यात चालेलच असं नाही, आणि विकत घेतलेला कोड सहसा परत घेत नाहीत. कार्डाने थेट भरायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावे लागतात. नव्या कार्डावर ते बंदच येतात. चलन बदलण्याचं शुल्क वेगळं लागतं, तेही जमेस धरा.

पहिल्यांदा एका महिन्याचीच वर्गणी घ्यावी; अमेरिकेत ती सुमारे 4 डॉलर आहे. एक्स्पान्शन पॅक मात्र वर्षाचाच मिळतो, म्हणून त्यात थेट उडी घेऊ नये. थेट घेतलेल्या वर्गणीला आपोआप नूतनीकरण लागलेलं असतं, म्हणजे मुदत संपली की पुढचे पैसे न विचारता कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कपातीची सूचना बँकेने किमान 24 तास आधी द्यायची असते, पण तो संदेश इतर पन्नास संदेशांत हरवतो. नूतनीकरण बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालूच राहते. तेव्हा खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे काम पैसे भरले त्याच दिवशी उरकून टाकावं.