केमो समजून घेताना (भाग ६) : ताप अंगावर काढू नका

केस का गळतात, ते मागच्या भागात पाहिलं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशीही त्यातल्याच. फरक एवढाच, की गेलेले केस दिसतात. मज्जेचं नुकसान सीबीसीच्या कागदावरच कळतं.

जंतूंशी सर्वांत आधी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. रक्तात त्या फार तर दिवसभर टिकतात. मज्जेतून नवा पुरवठा आटला की ‘काउंट पडतो’. बऱ्याच औषधांमध्ये केमोनंतर ७ ते १४ दिवसांत तो सर्वांत खाली जातो.

रिपोर्ट वाचताना नुसता टोटल काउंट पाहू नका. समजा, तो १,२०० आहे आणि न्यूट्रोफिल ३० टक्के. म्हणजे प्रत्यक्षात न्यूट्रोफिल ३६०. हा आकडा ५००च्या खाली गेला की जंतुसंसर्गाचा धोका खूप वाढतो.

यातली खरी मेख पुढेच आहे. जखमेतला पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. त्याच नसतील तर पू होत नाही, सूज आणि लालीही फारशी दिसत नाही. न्यूमोनिया असूनही सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण उरते. मनाने पॅरासिटामॉल घेतली, तर तीही पुसली जाते.

‘बाहेरचं काय खाल्लं?’ म्हणून पेशंटला बोल लावू नका. केमोने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि पुष्कळदा तिथलेच जंतू रक्तात शिरतात.

ताप तोंडात थर्मामीटर ठेवून मोजा. गुदद्वारातून कधीच नको. एकदाच १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ अंश भरला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या पेशंटला ताप चढेलच असं नाही. हुडहुडी भरली, ग्लानी आली तरी तेवढीच घाई करा.

हॉस्पिटलात आधी कल्चरसाठी रक्त घेतात आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. तेही शक्यतो तासाभरात. १९७१ साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अशा पेशंटना कल्चरचा रिपोर्ट येण्याआधीच दोन अँटिबायोटिक एकत्र देऊन चांगला गुण आल्याचं दाखवलं. तेव्हापासून हीच पद्धत रुळली.

परळच्या टाटा हॉस्पिटलात केमो घेऊन जालन्याला किंवा सावंतवाडीला परतणाऱ्यांनी एक चौकशी आधीच करून ठेवावी : जवळ कुठे रात्रीही सीबीसी होते आणि सलाइनमधून अँटिबायोटिक मिळतं? फाइल हाताशी ठेवा. त्यात केमोच्या औषधांची नावं आणि शेवटच्या डोसची तारीख वरच हवी. कॅज्युअल्टीत नंबर लावून बसू नका. दारातच सांगा, ‘केमो चालू आहे आणि ताप आलाय.’

(पुढच्या आठवड्यात : काउंट वाढवणारी इंजेक्शनं कुणाला आणि कधी?)