खळं गेलं, लायब्ररी आली!

लंडनला गेलं की आपली लिस्ट ठरलेली. बिग बेन, मादाम तुसाँ, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं शॉपिंग... पण मंडळी, या वेळी लिस्टमध्ये दोन कोठारं टाका. हो, धान्याची कोठारं! तिकडे त्यांना 'बार्न' म्हणतात. पावसाचा भरवसा नाही, म्हणून आपलं खळं आणि कोठार त्यांनी एकाच छपराखाली आणलं, एवढंच.

पहिला स्टॉप, पश्चिम लंडनमधलं राइस्लिप. ट्यूबने सरळ जाता येतं. इथल्या मॅनोर फार्मवरचा ग्रेट बार्न तेराव्या शतकाच्या अखेरचा. शेजारच्या छोट्या बार्नमध्ये १९३७ साली चक्क लायब्ररी सुरू झाली. जिथे धान्याच्या राशी असायच्या, तिथे आज पुस्तकं. वर मात्र तेच जुने लाकडी वासे! २००७-०८च्या सुमारास लॉटरी फंडाच्या मदतीने या जागेची डागडुजी झाली. लोक रोज ये-जा करतात, म्हणून गळकं कौल लगेच कुणाच्या तरी नजरेला पडतं.

आता हीथ्रोच्या उत्तरेला, हार्मंड्सवर्थ गावात चला. इथलं कोठार १४२६ सालचं, लांबी जवळजवळ ५८ मीटर. आत शिरलात की देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं वाटतं. कवी जॉन बेट्जेमन तर याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हणायचे. पण धान्य साठवणं थांबलं आणि वास्तूला कुणी वाली उरला नाही. २००६ मध्ये एका कंपनीने ती घेतली. किंमत? फक्त एक पौंड! दारं बंद झाली, पडझड वाढली. गावकऱ्यांनी आवाज उठवला. शेवटी इंग्लिश हेरिटेजने वीस हजार पौंडांना ती ताब्यात घेतल्याचं २०१२च्या सुरुवातीला जाहीर झालं. ओकची लाकडं, कौलं दुरुस्त झाली. आता गावातलेच स्वयंसेवक उन्हाळ्यात काही रविवारी ती उघडतात.

गोष्ट इथे संपत नाही. २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीला पुन्हा पाठिंबा दिला. ती झाली, तर गावाचा मोठा भाग जाऊ शकतो. मग कोठार वाचलं, तरी रविवारी दार उघडणारे हात कुठून आणायचे?

जुनी वास्तू नुसती दुरुस्त करून भागत नाही. तिथे माणसं यायला हवीत. पुढच्या वेळी हीथ्रोला उतरलात आणि रविवार असला, तर तुम्हीही डोकावून या!