ब्लीच केलेल्या केसांचा रंग उतरला, आता काय करावे?

हल्ली आपल्या वस्त्यांतून तरुण मुलामुलींच्या डोक्यावर लाल, वांगी, सोनेरी अशा रंगांच्या बटा दिसतात. महिना-सव्वा महिना उलटला की त्याच बटा वाळलेल्या गवतासारख्या होतात. मग आरशासमोर रडणे, आईची बोलणी आणि दुकानातून घाईघाईने आणलेले रंगाचे दुसरे पाकीट! ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट नाही. ती आमच्याच घरात घडली.

आमची भाची बारावीनंतर कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. पहिल्या पगारात तिने मैत्रिणीच्या घरी केसांना ब्लीच केले आणि वर बरगंडी रंग लावला. पंधरा दिवस पोर खुशीत होती. पाचव्या आठवड्यात रंग धुऊन गेला व खालचे पिवळट-तांबूस केस उघडे पडले. नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत दहा दिवसांवर आलेली. वहिनीने गडद तपकिरी रंगाचे पाकीट आणून रात्रीच लावले. सकाळी पाहतात तो केसांची टोके शेवाळासारखी हिरवट! "आता काळा डाय लावते, म्हणजे सगळेच झाकून जाईल," असे वहिनी म्हणू लागली. भाची आमच्याकडे धावत आली. "आत्या, आईला समजाव ना. केस तुटून हातात येतायत."

आम्ही आधी दोघींना शांत केले. मग गल्लीच्या तोंडाशी पार्लर चालवणाऱ्या ताईंकडे भाचीला घेऊन गेलो. त्यांनी जे सांगितले आणि आम्ही पुढे वाचून जे पडताळले, ते सर्व घरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

रंग टिकत का नाही?

केसावर बाहेरून माशाच्या खवल्यांसारखे बारीक थर असतात. आतल्या गाभ्यात केसाचा मूळ काळा रंग असतो. ब्लीचची पावडर आणि डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केले की हे खवले उघडतात आणि आतला काळा रंग नष्ट होतो. केस आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा होतो. पण उघडलेले खवले पुन्हा पहिल्यासारखे मिटत नाहीत. केस भोके पडलेल्या भांड्यासारखा होतो. रंग त्यात चटकन शिरतो आणि तितक्याच चटकन धुऊन जातो. त्यातही लाल व बरगंडी छटा लवकर उतरतात. म्हणजे रंग उतरला यात मुलीचा हलगर्जीपणा नसतो. ब्लीच केलेल्या केसांचा तो स्वभावच आहे.

हिरवट छटा कोठून आली?

तपकिरी रंगात तांबडा, पिवळा आणि निळा या तिन्हींचा मेळ असतो. ब्लीच केलेल्या केसात तांबडा अंश उरत नाही, फक्त पिवळा उरतो. त्यावर राखी झाक असलेला तपकिरी रंग लावला की त्यातला निळा आणि केसातला पिवळा मिळून हिरवा दिसतो. त्यावर काळा लावला तर तो टोकांना जास्त बसतो, पुढे डाग पडल्यासारखा उतरतो, आणि नंतर काढायचा म्हटले तर पुन्हा ब्लीचच करावे लागते. म्हणून घाईचा काळा डाय टाळावा.

आधी केसांची परीक्षा

एक ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणावा. ताणून सोडल्यावर तो पूर्ववत झाला तर रंग लावता येईल. रबरासारखा लांबतच गेला किंवा पटकन तुटला, तर काही आठवडे कोणतेही रसायन लावू नये. कंडिशनर लावावा, खराब टोके कापून टाकावीत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा धीर धरण्याला पर्याय नाही. सुदैवाने भाचीची फक्त टोकेच तुटत होती. ताईंनी ती चार बोटे कापली.

दुसरी परीक्षा कातडीची. रंग लावण्याच्या ४८ तास आधी थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग वापरू नये. पुष्कळ गडद डायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते व काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या कित्येक पाकिटांतही हेच रसायन असते. पूर्वी दहा वेळा लावून काही झाले नाही, म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असे नसते.

रंग पुन्हा कसा द्यावा?

गेलेला तांबडा अंश आधी परत द्यायचा, मग तपकिरी लावायचा, ही यातली खरी युक्ती. ताईंनी डेव्हलपर न लागणारा तांबूस रंग ओलसर केसांना लावला. ठरलेल्या वेळाने तो पुसून काढला आणि त्यावर तपकिरी रंग दिला. मुळाशी उगवलेल्या काळ्या केसांना हात लावला नाही. घरी करताना या गोष्टी सांभाळाव्यात:

हवी त्यापेक्षा एक छटा फिकी घ्यावी, कारण ब्लीच केलेला केस रंग जास्त ओढतो. 'राखी' किंवा 'ॲश' लिहिलेला तपकिरी घेऊ नये. रंग नुसता बसवायचा असेल तर तीव्र डेव्हलपर लागत नाही. ३ टक्क्यांचा पुरतो, १२ टक्क्यांचा केस जाळतो. मानेजवळच्या एका बटेवर आधी करून पाहावे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचे घ्यावे. कालवून उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये, त्यात वायू साठून बाटली फुटू शकते.

मेंदीवाल्या घरांसाठी एक सूचना. ब्लीच केलेल्या केसांवर नुसती नीळ लावली तर केस हिरवे-निळे होतात. आधी शुद्ध मेंदी लावून, ती धुऊन, मग नीळ लावली तर गडद रंग येतो. पण ब्लीच केलेल्या केसांवर मेंदीचा नारिंगी रंग फार भडक चढतो व तो सहजी निघत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

रंग टिकवण्यासाठी

रंगवल्यावर दोन-तीन दिवस डोके धुऊ नये. पुढे आठवड्यातून एक-दोनदाच, सौम्य शाम्पूने आणि गार किंवा जेमतेम कोमट पाण्याने धुवावे. कढत पाण्याने रंग लवकर जातो. बोअरचे जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे साध्या, गाळलेल्या पाण्याचे घ्यावेत. उन्हात ओढणी किंवा रुमाल बांधावा. धुण्याआधी खोबरेल तेल लावावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खोबरेल तेलाने केसातील प्रथिने वाहून जाणे कमी होते, ब्लीच केलेल्या केसांचेही, असे दिसून आले आहे. आजीच्या तेलाच्या बाटलीला विज्ञानाने दिलेली ही पावती आहे.

आणखी एक स्वस्त उपाय. डेव्हलपर न लागणारा थोडा रंग कंडिशनरमध्ये कालवून आठवड्यातून एकदा लावला की उतरलेली छटा पुन्हा भरते. त्याने केसांना नवी इजा होत नाही आणि दर महिन्याला नवे पाकीट आणावे लागत नाही.

हे कधीही करू नये

चेहऱ्याचे ब्लीच किंवा संडास-मोरी धुण्याचे ब्लीच केसांना लावू नये. डोके भाजू लागले तर "अजून पाच मिनिटे" म्हणत बसू नये, लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डाय भुवयांना व पापण्यांना मुळीच लावू नये. त्याने दृष्टी जाऊ शकते, आणि तसा इशारा पाकिटावर छापलेला असतो. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे: एका खोलीच्या घरात डायचे पाकीट देवळीत, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवले जाते. पीपीडी असलेला डाय पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात, माणूस दगावतो. पाकीट कुलपात ठेवावे. कोणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता, पाकिटासह मोठ्या रुग्णालयात न्यावे.

भाचीची मुलाखत झाली. तिला बारावीचे गुण विचारले, रात्रपाळी जमेल का ते विचारले. केसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. प्रवेश मिळाला त्या संध्याकाळी वहिनी तिच्या डोक्याला तेल चोळत म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस तर?" पोर म्हणाली, "तू ओरडली असतीस." वहिनी काहीच बोलली नाही.

त्या उत्तरात आम्हा मोठ्यांसाठी धडा आहे. स्वतःच्या कमाईतून आपल्या आवडीचे काही करावे असे मुलांना वाटणे हा गुन्हा नव्हे. आपण ओरडतो म्हणून ती दार लावून, पाकिटावरचे न वाचता, मैत्रिणीच्या भरवशावर रसायने डोक्यावर ओततात. त्यापेक्षा चष्मा लावून त्यांच्याशेजारी बसावे आणि पाकिटावरचा बारीक मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.